दगडी हाताचा वऱ्हाडी

मेट्रोत माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाच्या छातीवर तो होता. उजवा हात दगडाचा, कपाळाला पट्टी, डोळ्यांत अंगार, आणि खाली ठसठशीत अक्षरांत त्याचं ते वाक्य : 'पत्थर माफ़ नहीं करता.' मुलगा दाराला टेकून फोनमध्ये बुडाला होता. यमुना ओलांडून गाझियाबादकडे येईपर्यंत मी त्या टी-शर्टाकडे बघत राहिले आणि मनात एकच म्हणत राहिले, की बाळा, हे असं तो कधी बोललाच नाही.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की चाहते येतात.

गेल्या काही वर्षांत कॉमिक्समधल्या या दगडी हाताच्याला फारच बरे दिवस आले आहेत. आधी त्याच्यावर मालिका आली, मग जुने अंक गुळगुळीत कागदावर पुन्हा छापले गेले, मग कॉफीचे मग, टोप्या, चाव्यांची कडी. आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एकाच्या टेबलावर त्याचा पुतळा आहे. जेवणाच्या सुट्टीत तो येईल त्याला पकडून दगडी हाताच्याची जन्मकथा ऐकवतो, आणि ऐकणाऱ्याने 'हो, वाचलंय' म्हटलं की लगेच परीक्षा सुरू. कितव्या अंकात? चित्रकार कोण? पहिली छपाई की दुसरी? मी डबा उचलून खिडकीपाशी जाऊन बसते. मला कॉमिक्स प्राणापलीकडे आवडतात हे तिथे कुणालाही माहीत नाही आणि कळू देण्याची माझी इच्छाही नाही. आवडीचा हिशेब मागणारे लोक मला भाजी निवडून निवडून शेवटी काहीच न घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखे वाटतात.

या जमातीतला सगळ्यात मोठा नग माझा धाकटा भाऊ आहे. तो गुडगावला राहतो. त्याच्या घरात एक खोली फक्त कॉमिक्सची आहे. तिथे पडदे कायम ओढलेले असतात आणि प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात असतो. हात लावायचा तर आधी पांढरे सुती मोजे चढवायचे. माझी भावजय त्या खोलीला देवघर म्हणते आणि तिथे झाडू मारायला साफ नकार देते. दिल्लीतल्या चाहत्यांचा जो सगळ्यात मोठा ग्रुप आहे, त्याचा तो कर्ताधर्ता. एकाच आईबापाच्या दोन पोरांना एकच वेड लागावं आणि तरीही भाऊबीजेला ताटावर बसल्यावर बोलायला विषय सापडू नये, हे आमच्याच घरात होऊ शकतं. तो अंकांबद्दल बोलतो आणि मी दगडी हाताच्याबद्दल. त्या दोन गोष्टी कुठे जुळत नाहीत.

याचं कारण आमच्या आईने केलेला एक नियम.

आम्ही दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. आई पुण्याची, बाबा अमरावतीजवळच्या एका खेड्यातले. शाळा हिंदी, खेळ हिंदी, भाजीवाला हिंदी. पोरांची मराठी जाईल या भीतीने आईने ठरवून टाकलं होतं, की हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर काढायची. घरात हिंदीचं एक वाक्य मोठ्याने उच्चारायचं नाही. आणि मराठी म्हणजे तिची मराठी. बाबांनी लग्नानंतर आपली वऱ्हाडी बोली घडी घालून कुठेतरी ठेवून दिली होती. ते घरात 'मी येतो आहे' असं अगदी नेमकं, जपून बोलायचे. परक्याच्या घरात पाहुण्याने वावरावं तसं त्यांचं ते बोलणं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पण बाबांना कॉमिक्सचा नाद होता. मार्केटच्या कोपऱ्यावर एक माणूस दोरीवर अंक लटकवून ते भाड्याने द्यायचा. रविवारी सकाळी बाबा अंक आणायचे, संध्याकाळी तो परत करावा लागायचा. मधल्या दुपारी जमिनीवर सतरंजी घालून ते आडवे व्हायचे, एका कुशीला मी, दुसऱ्या कुशीला भाऊ. अंक हिंदी होता आणि घरात हिंदी चालत नव्हती, म्हणून बाबा वाचता वाचता मराठी करायचे. आणि का कोण जाणे, ती मराठी आईची नसायची. दगडी हाताचा खलनायकाच्या अड्ड्यात शिरायचा तो थेट म्हणायचा, "काय करून राह्यला बे इथं?" खलनायक म्हणायचा, "तुले काय करायचं?" आणि पुढे तुंबळ मारामारी. स्वयंपाकघरातून आई "अहो, भाषा!" म्हणून ओरडायची. बाबा आवाज बारीक करायचे, पण बोली बदलायचे नाहीत. आठवड्यातून तेवढीच एक दुपार ते त्यांच्या भाषेत बोलायचे आणि मला वाटायचं, ही दगडी हाताच्याची भाषा आहे.

मला शाळेमुळे हिंदी वाचता येत होतीच. पण बाबांच्या हाताखालून संवादाच्या फुग्यांतली हिंदी दिसली की ती मला खोटी वाटायची, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडची. मी शब्दांवरून नजर काढून चित्रांवर ठेवायची आणि कान बाबांकडे. संध्याकाळी अंक परत गेला की संपलं. माझ्यापाशी उरायचं ते फक्त ऐकलेलं. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो तिसऱ्या पानापर्यंत टिकायचा आणि मग बाबांच्या दंडावर लाळ गाळत झोपायचा. पुढे तो वाचायला शिकला तेव्हा बाबांची बदली झाली होती, रविवारच्या दुपारी बंद पडल्या होत्या, आणि त्याने सगळे अंक आपले आपण, हिंदीत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले.

बाबा गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. आई आधीच गेली होती. शेवटची वर्षं बाबा माझ्याचकडे, या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये होते. कधी गॅसवर दूध उतू गेलं की ते आतून म्हणायचे, "काय करून राह्यली बे?" आणि आम्ही दोघं हसायचो. ते गेल्यावर घरात शांतता झाली ती मी सोसली. एकटं राहण्याची मला सवय आहे. पण दगडी हाताचा माझ्याशी बोलायचा थांबला, ते सोसवेना. आवाज आठवायला जावं तर शब्द आठवायचे आणि आवाज नाही. मला एकच माणूस हवं होतं, ज्याला तो वऱ्हाडीत बोलताना ऐकू येतो. इतके लाखभर चाहते आहेत त्याचे, मी मनात म्हणायची, एखाद्या कोपऱ्यात असेल कुणीतरी. वेडेपणाच, पण एकटं माणूस वेडेपणा करायला मोकळं असतं.

म्हणून या जानेवारीत मी भावाच्या ग्रुपने भरवलेल्या मेळ्याला गेले. त्याला सांगितलं नाही. एका कॉलेजचं सभागृह होतं, बाहेर धुकं आणि आत ही गर्दी. पुठ्ठ्याचे दगडी हात चढवलेली पोरं एकमेकांना धडकत होती. एक जण कानापर्यंत ओठ रंगवून दगडी हाताच्याचा वैरी, तो विहिरीतला शास्त्रज्ञ, झाला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर फोटो काढून घेत होता. मी एका स्टॉलवर जुना अंक उचलला तर विक्रेत्याने तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाला, की पाने पलटू नका, आंटी, कोपरे खराब होतात. वाचायचं नसेल तर अंक कशाला, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. मागच्या रांगेत जाऊन बसले.

मंचावर प्रश्नमंजूषा चालू होती आणि माइक माझ्या भावाच्या हातात होता. तो तिथे वेगळाच दिसत होता, मोकळा, हजरजबाबी, पोरं त्याच्या प्रत्येक वाक्यावर शिट्ट्या मारत होती. भाऊबीजेला माझ्यासमोर खाली मान घालून श्रीखंड खाणारा तो हाच का, असं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर एक चित्र आलं. विहिरीच्या काठावर दगडी हाताचा उभा, हात उगारलेला, खाली शास्त्रज्ञ गुडघ्यावर. फुगा मुद्दाम कोरा ठेवला होता. भावाने विचारलं, इथे तो काय म्हणतो?

हा अंक मला पाठ होता. कुणाचा हात वर जाण्याआधी मी उभी राहिले आणि त्या भरल्या सभागृहात मोठ्याने बोलून गेले, "जाय बापू घरी. माय वाट पाहून राह्यली."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग हसू फुटलं. माझ्या पुढचा पुठ्ठ्याच्या हाताचा मुलगा वळला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "आंटी, वो बोलता है, पत्थर माफ़ नहीं करता. फिर मार देता है उसको. आपने पढ़ी भी है?"

मार देता है. मी मंचाकडे पाहिलं. भावाने मला ओळखलं होतं. त्याचा माइक तोंडापासून थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. "गलत जवाब," तो हसून म्हणाला, "नेक्स्ट."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

परतताना मेट्रोत मला भावाचा राग येत नव्हता, तो नंतर आला. मला आठवत होतं ते पानिपत. दिल्लीचं आमचं महाराष्ट्र मंडळ दर जानेवारीत तिथल्या रणभूमीवर, काला अंबला, बस न्यायचं. तिथे भगवे झेंडे, हार, आणि एक निवृत्त प्राध्यापक उन्हात उभे राहून लढाई सांगायचे. त्या वर्षी त्यांनी सांगितलं, की महाराष्ट्रात एक घर असं उरलं नव्हतं जिथून कुणी गेलं आणि परत आलं. भाऊ तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. त्याने ते एवढं मन लावून ऐकलं असेल असं कुणाला वाटलंही नाही. बस परत निघाली आणि त्याने भोकाड पसरलं. त्यांच्या आया वाट बघत असतील, एवढं एकच तो म्हणत होता. आईने जवळ घेतलं, कुणी चिक्की दिली, प्राध्यापकांनी दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे म्हणून समजावलं. रडणं थांबेना.

बाबांनी पानिपतच्या बसस्टँडवर एक अंक विकत घेतला होता. तो त्यांनी उघडला आणि भर बसमध्ये, सगळ्या मंडळासमोर, वऱ्हाडीत वाचायला सुरुवात केली. आईने डोळे मोठे केले. पुढच्या सीटवरच्या एका काकूंनी मागे वळून, मुलांच्या भाषेवर अशाने परिणाम होतो, असं सुनावलंही. बाबा म्हणाले, "काकू, हा माणूस गुंडायले मारून राह्यला. त्याले शुद्ध बोलाले टाइम कुठं हाये?" अर्धी बस हसली. भाऊ मात्र हुंदके देत होता. बाबा शेवटच्या पानाआधीच्या पानावर आले, विहिरीच्या काठावर, उगारलेल्या हातापाशी. तिथे ते थांबले. मला तो थांबा चांगला आठवतो, कारण बाबा वाचताना कधी अडखळत नसत. मग दगडी हाताचा म्हणाला, जाय बापू घरी, माय वाट पाहून राह्यली.

भाऊ रडायचा थांबला. "पोचला का?" त्याने विचारलं.

बाबांनी अंक स्वतःकडे वळवून, आम्हाला दिसणार नाही असं पान उलटलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, "पोचला. जेवून राह्यला."

त्या दिवसापासून आमच्या घरी एकही खलनायक मेला नाही. आणि मी इतकी वर्षं समजत होते, की हे असं छापलेलं आहे.

पुढच्या रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. भाऊ उभा होता, एकटा, काखेत चपटी बॅग. फोन न करता तो माझ्याकडे याआधी कधी आला नव्हता. मी पानं वाढली. भरीत केलं होतं, भाकरी होती. तो खाली मान घालून जेवला आणि हात धुऊन आला तरी त्याला विषय काढता येईना. अखेर मीच म्हटलं, की मंचावर बहीण ओळखायला लाज वाटते तर निदान बक्षीस तरी द्यायचंस.

"सॉरी यार, ताई," तो म्हणाला. "एकदम सुचलंच नाही काही." मग बॅगेची चेन उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते वाक्य बाबांचं होतं ना? मला वाटलं, मी कुठेतरी ऐकलंय."

मी हो म्हटलं.

"मला बाबांचं वाचणं आठवतच नाही, ताई. बिल्कुल नाही. नुसता एक आवाज आठवतो, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. मी झोपायचो ना. तुला सगळं मिळालं." त्याने बॅगेतून ते पांढरे हातमोजे काढून बाजूला ठेवले होते, ते पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. "मी सगळे अंक जमवले. एकही राहिला नाही. प्रत्येक दोनदोनदा वाचला. त्यात बाबा कुठेच नाहीत."

मला त्याच्या त्या खोलीचा, पाकिटांचा, मोज्यांचा इतकी वर्षं राग होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं मी त्याला म्हणू शकले असते, पण कळसा त्याच्या काखेत नव्हताच, माझ्या होता. लाखभर चाहत्यांत मी ज्याला शोधत होते तोही हा नव्हता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. दगडी हाताच्याची मराठी ऐकलेलं माणूस या जगात आता मी एकटीच आहे, हे मला तिथे, खरकट्या ताटांसमोर, पक्कं कळलं आणि मला फार रडू आलं. तो घाबरून पाणी आणायला उठला.

मग मी त्याला पानिपतची बस सांगितली. तो रडला होता ते, चिक्की, काकू, विहिरीच्या काठावर बाबा थांबले ते. वाक्य त्याच्यासाठी केलं होतं, हे मी दोनदा सांगितलं, तरी त्याचा चेहरा कोराच राहिला. आठवत नाही म्हणाला. आठवण्यासाठी कपाळ घट्ट धरून बसला, पण नाही.

बॅगेतून त्याने तोच अंक काढला. पाकिटाला चिकटपट्टी होती. त्याने ती नखाने सोडवायचा प्रयत्न केला आणि मग पाकीट सरळ फाडलं. हाताने, मोज्यांशिवाय. अंक माझ्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, वाच.

बाल्कनीत हिवाळ्याचं पातळ ऊन होतं. मी सतरंजी घातली. पन्नाशीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, केस विरळ, तो माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला आणि त्याने पाय लांब केले. मी पहिलं पान उघडलं. वऱ्हाडी माझ्या तोंडात नीट बसेना. मी बोलते ती आईची मराठी, ऑफिसातली हिंदी लागलेली. 'राह्यला'वर जीभ अडखळायची. दोन पानं तर अगदीच ओढूनताणून झाली. समोरच्या फुग्यांत दुसरंच काही लिहिलेलं होतं आणि या वेळी ते मला खोटं वाटलं नाही. खोटं बोलत होते ती मी. तरी वाचत राहिले. तिसऱ्या पानावर मी भावाकडे पाहिलं. तो जागा होता.

हळूहळू बोली सुटली. अड्ड्यात शिरताना दगडी हाताचा "काय करून राह्यला बे" म्हणाला तेव्हा भाऊ खुदकन हसला. खालच्या फाटकावर कुणाचा तरी हॉर्न वाजत राहिला होता, तो थांबला. शेवटच्या पानाआधीच्या पानावर विहीर आली, काठ आला, हात उगारला गेला. फुग्यात ते प्रसिद्ध वाक्य होतं. मी थांबले, बाबा थांबले होते तेवढी, आणि वाक्य म्हटलं.

भाऊ अंकाकडे बघत नव्हता. हा अंक त्याला माझ्याहून चांगला माहीत होता. पुढच्या पानावर काय आहे, कुठल्या रंगात आहे, छपाईत कुठे शाई फुटली आहे, सगळं. तो बाल्कनीच्या गजांकडे बघत होता. जरा वेळाने त्याने विचारलं, अगदी हळू, "पोचला का?"

बसमध्ये हेच विचारलं होतंस, असं मी त्याला सांगणार होते. सांगितलं नाही. बसची गोष्ट सांगताना हा प्रश्न मी त्याला सांगितलाच नव्हता, तो त्याचा त्याला आला होता. मी पान उलटलं. शास्त्रज्ञ विहिरीच्या तळाशी पडला होता आणि सगळं पान लाल होतं. मी त्यावर तळहात ठेवला.

"पोचला," मी म्हटलं. "जेवून राह्यला."